दख्खनच्या माशांना मराठी नावे देणारा कर्नल

मुरबाड, प्रतिनिधी : मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाटाची पायवाट चढून माथ्यावर पोहोचले, की पावसाचे पाणी तेथे दोन वाटांनी निघून जाताना दिसते. पश्चिमेला कड्यावरून कोसळणारे पाणी काळू-उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला वळलेले पाणी कुकडीतून घोड नदीला, घोडमधून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. १८२८ च्या उन्हाळ्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील एक अधिकारी फिरत फिरत या घाटात आला. येथील लेण्याच्या भिंतींवर कोरलेली अक्षरे त्याला वाचता येत नव्हती. त्या काळी ती कोणालाच वाचता येत नव्हती. तरीही डोळ्यांना दिसेल तसे एकेक अक्षर त्याने कागदावर उतरवून घेतले. सातवाहनांचा हा प्रसिद्ध शिलालेख विद्वानांच्या नजरेस आला तो असा.

या अधिकाऱ्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. इतिहासाचे विद्यार्थी त्यांना नाणेघाटामुळे ओळखतात, तर पक्षिनिरीक्षक त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चंडोलामुळे. त्यांच्या कामाचा तिसरा भाग मात्र सामान्य वाचकांच्या फारसा परिचयाचा नाही. दख्खनच्या नद्यांतील माशांची पहिली शास्त्रीय यादी साइक्स यांनी केली आणि त्यांतील अनेक माशांना शास्त्रीय नाव म्हणून नदीकाठच्या लोकांच्या तोंडचे मराठी नावच दिले. जवळजवळ दोनशे वर्षांनंतर डीएनएच्या साह्याने माशांचे कूळ शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना या यादीकडे पुन्हा वळावे लागत आहे. महसीरसारखा मौल्यवान मासा कोणत्या नदीत सोडावा आणि कोणत्या नदीत सोडू नये, हा आजचा प्रश्नही त्या यादीतील दोन नावांपर्यंत जाऊन भिडतो.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते कंपनीच्या नोकरीत रुजू झाले. त्या काळातील इंग्रज घराण्यांतील धाकट्या मुलांच्या दृष्टीने हा रिवाजच होता. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेक यांच्या हाताखाली भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी लढाई पाहिली. १८१० मध्ये हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांतील दुभाष्याची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. चरित्रकार या परीक्षेचा उल्लेख एका ओळीत उरकतात, परंतु माशांच्या संदर्भात तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. मराठी कानाला सरावलेली नसती, तर मळ्या आणि शिंगटी यांतील फरक त्यांनी कोणाला विचारला असता?

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि तिच्या पाठोपाठ पुणे कंपनीच्या ताब्यात गेले. या दोन्ही प्रसंगी साइक्स देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करत होते. मराठी वाचकाने हे विसरू नये. ज्या मुलखातील पशुपक्ष्यांची आणि नद्यांची नोंद त्यांनी पुढे इतक्या बारकाईने केली, तो मुलूख जिंकणाऱ्यांत ते स्वतः होते आणि ती नोंद करण्याची संधी त्यांना त्या विजयामुळेच मिळाली. त्यांची सर्वेक्षणे ही नव्या राज्यकर्त्यांची महसुलाची गरज होती. मात्र गरजेपुरते पाहून थांबण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, हेही तितकेच खरे.

१८२० ते १८२४ ही वर्षे त्यांनी युरोपच्या प्रवासात घालवली. १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर वेगळीच कामगिरी सोपवली. मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुणे, तेव्हाचे अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी मुलखांची सर्वांगीण माहिती गोळा करणे, हे त्यांचे काम होते. एल्फिन्स्टन यांना राज्य चालवण्यापूर्वी राज्य समजून घ्यायचे होते, आणि त्यासाठी त्यांना हवा तसा माणूस साइक्स यांच्या रूपाने मिळाला.

पुढील सहा-सात वर्षे साइक्स अक्षरशः फिरतीवर होते. गावागावांतील माणसे, घरे, गुरे, नांगर आणि विहिरी यांची मोजदाद त्यांनी केली. जमिनीच्या वतनांचे आणि कुळांच्या हक्कांचे प्रकार तपासले. पर्जन्यमान आणि तापमान नोंदले. दख्खनवरील हवेचा दाब दिवसातून ठरावीक वेळी कसा चढतो आणि उतरतो, याचा अभ्यास करून त्यांनी पुढे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. डोंगरांची उंची मोजण्यासाठी नाजूक वायुभारमापक बरोबर नेणे अवघड जाई, म्हणून पाणी किती तापमानाला उकळते हे साध्या तापमापकाने पाहून उंची काढण्याची पद्धत त्यांनी वापरली आणि त्यावरही लेखन केले. रानटी रेशीमकिड्यांच्या कोशांचीही त्यांनी नोंद घेतली. १८२९ च्या डिसेंबरमध्ये खर्चकपातीच्या धोरणात त्यांचे पद रद्द झाले. तेव्हा त्यांनी लष्करी कामातून सवलत मागून घेतली आणि १८३१ च्या जानेवारीपर्यंत हाती घेतलेले काम पूर्ण केले. सरकारी पद गेल्यावरही काम पुरे करणारे अधिकारी त्या काळीही थोडेच होते.

नाणेघाटाची भेट याच फिरतीतली. साइक्स पुरातत्त्वज्ञ नव्हते. हे बौद्धांचे लेणे असावे, असा त्यांचा प्राथमिक अंदाज होता. पुढे तो चुकीचा ठरला. परंतु आपल्याला काही कळत नाही म्हणून ते टाकून देण्याऐवजी त्यांनी घाटाला एकाहून अधिक भेटी दिल्या आणि डाव्या-उजव्या भिंतींवरील लेखांच्या नकला उतरवल्या. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांसह या नकला १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या गेल्या. त्याच सुमारास कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. नाणेघाटाच्या लेखाचे आणि त्यातील अंकांचे खरे वाचन पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. नाणेघाटाची कीर्ती सांगताना साइक्स यांच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते. ते अन्यायाचे नाही, कारण लेखाचा अर्थ लावण्याचे श्रेय त्यांचे नाहीच.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी केवळ नोंदी केल्या नाहीत, नावेही दिली. दख्खनमधील सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या त्यांच्या सूची १८३१ व १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात प्रसिद्ध झाल्या. शेतातील पाणथळीत निश्चल उभा राहणारा आणि उडताना अचानक पांढरा दिसणारा आपल्या परिचयाचा वंचक हा बगळा, त्याला शास्त्रीय नाव दिले ते साइक्स यांनी. माळरानावरील लावा आणि तुऱ्याचा चंडोलही त्यांनीच जगापुढे आणले. रानकुत्र्याला मराठी मुलखात कोळसुंदा म्हणतात, हे त्यांनी टिपून ठेवले आणि त्याला दख्खनवरून नाव दिले. ते नाव टिकले नाही, कारण रशियातील पल्लास यांनी या प्राण्याला आधीच नाव दिले होते. जे नाव आधी छापले गेले ते प्रमाण, हा प्राणिशास्त्राचा दंडक आहे. माशांच्या बाबतीत हाच दंडक साइक्स यांच्या बाजूने उभा राहिला.

दख्खनच्या माशांवरील त्यांचे काम १८३९ मध्ये संक्षिप्त रूपात आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर प्रसिद्ध झाले. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांतून मिळालेल्या चाळीसच्या आसपास जातींचे वर्णन त्यात आहे आणि त्यांतील बहुतेक जाती शास्त्राला नव्या होत्या. त्यांची नावे वाचताना मराठी वाचकाला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. दगडाला चिकटून राहणारा मळ्या लॅटिन पेहरावात मुल्या झाला आहे. काटेरी शिंगटीचे नावही मराठीच राहिले आहे. कोळस, नुक्ता, खुद्री, मुसुल्ला ही नावे पुणे आणि नगरच्या नदीकाठावरून उचलून थेट लंडनच्या छापखान्यात गेली. रोहटी हे तर एका संपूर्ण प्रजातीचेच नाव झाले. इंग्रज मित्रांना आणि वरिष्ठांनाही साइक्स विसरले नाहीत. व्हिगॉर्स, ओगिल्बी, यॅरेल या झूऑलॉजिकल सोसायटीतील मंडळींच्या नावे मासे झाले आणि वाम या सापासारख्या माशाला एल्फिन्स्टन यांचे नाव मिळाले. पण यादीचा गाभा मराठी राहिला.

यामागे केवळ हौस नव्हती. लॅटिन किंवा ग्रीक नाव दिले असते, तर भीमेच्या काठी येणाऱ्या पुढच्या अभ्यासकाला तो मासा मिळवताना त्या नावाचा काहीच उपयोग झाला नसता. शिंगटी मागितली, तर भोई शिंगटीच आणून देईल. ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी साइक्स यांना मासे आणून दिले, त्यांपैकी एकाचेही नाव या निबंधातून आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. ही त्या काळाची रीत म्हणून सोडून देता येईल, पण खटकते खरी. मासा ओळखण्याचे ज्ञान त्यांचे होते, साइक्स यांनी त्याला छापील रूप दिले.

साइक्स यांच्या कामात एक मोठी उणीव राहिली आणि तिचे परिणाम पुढे दीर्घकाळ जाणवले. प्राणिशास्त्रात नवी जात जाहीर करताना ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो नमुना संग्रहालयात जपून ठेवण्याची पद्धत आहे. पुढे शंका आली, तर तोच काढून पाहता येतो. साइक्स यांच्या खुद्री आणि मुसुल्ला या माशांचे असे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरले आहे ते थोडक्यात केलेले वर्णन, मराठी नाव आणि ठिकाण. खुद्री पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला. मुसुल्ला शिरूरजवळ घोड नदीत मिळाला. नाणेघाटाच्या माथ्यावरून पूर्वेला उतरणारे कुकडीचे पाणी ज्या घोड नदीला मिळते, तीच ही घोड.

भारत सोडल्यानंतरचे साइक्स यांचे आयुष्य मानमरातबात गेले. त्याचा तपशील येथे लांबवण्याचे कारण नाही. १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८४० मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर आणि १८५६ मध्ये अध्यक्षपदावर त्यांची निवड झाली. म्हणजे १८५७ चे बंड उसळण्याच्या आदल्या वर्षी कंपनीची सूत्रे या जुन्या दख्खनी अधिकाऱ्याकडे आली होती. कंपनीचे राज्य राणीच्या सरकारकडे सोपवण्यास त्यांचा विरोध होता. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते स्कॉटलंडमधील अबर्डीनचे खासदार होते. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे आणि १८६३ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. चीनमधील ताइपिंग बंडखोरांविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या मोजक्या इंग्रजांपैकी ते एक होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ तोवर छापून तेरा वर्षे झाली होती, तर मेंडेल यांच्या वाटाण्यांवरील प्रयोगांची दखल अद्याप कोणी घेतली नव्हती. जनुक हा शब्द साइक्स यांनी कधीच ऐकला नाही.

त्यांनी दिलेली नावे मात्र पुढे चालत राहिली. विसाव्या शतकात महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषवलेले डॉ. चं. वि. कुळकर्णी हे साइक्स यांच्या परंपरेतील मोठे नाव. इतर माशांची खवले ओरबाडून खाणारा एक लहान मासा त्यांनी १९५२ मध्ये दख्खनच्या नद्यांतून शास्त्राला ज्ञात करून दिला आणि त्याचे नाव ठेवले खवलचोर. साइक्स यांना ते नक्की आवडले असते. याच कुळकर्णी यांनी खुद्री महसीरची अंडी, पिल्ले आणि प्रजनन यांचा अभ्यास केला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात महसीरचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. धरणांनी आणि सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीने महसीर संपत चालला असताना ही कामगिरी मोठी होती. वळवणची लाखो पिल्ले देशातील अनेक नद्यांत आणि जलाशयांत सोडण्यात आली. कर्नाटकातील कावेरीतही ती गेली.

येथे हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु महसीर म्हणजे महसीर, मग तो कोणत्याही नदीचा असो, ही समजूत त्यामागे होती. ती किती बरोबर आहे हे तपासण्याचे साधन त्या वेळी हाताशी नव्हते. ते साधन म्हणजे जनुकीय खुणा, ज्यांना शास्त्रज्ञ मार्कर म्हणतात.

या खुणांचे तत्त्व समजायला अवघड नाही. प्रत्येक माशाच्या पेशीत डीएनएची लांबलचक साखळी असते आणि पिढी दर पिढी तिच्यात बारीकसारीक बदल होत राहतात. एका नदीतील मासे एकमेकांशी संकर करत राहिले, तर हे बदल त्या साऱ्या समूहात मिसळतात. दोन नद्यांमध्ये डोंगर आला आणि मासे हजारो वर्षे एकमेकांना भेटले नाहीत, तर दोन्हीकडचे बदल वेगवेगळ्या वाटेने साचत जातात. डीएनएमधील काही ठरावीक जागा या फरकासाठी वाचल्या जातात. आईकडूनच पिल्लाकडे येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनए जुनी वंशावळ सांगतो. पेशीकेंद्रातील सूक्ष्म पुनरावृत्तीच्या जागा, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट, अलीकडच्या पिढ्यांतील मिसळण सांगतात. प्रत्येक नदीतून तीस-चाळीस मासे तपासले, की एकाच नावाखाली वावरणारे मासे प्रत्यक्षात एक समूह आहेत की अनेक, याचा अंदाज येतो. वरवर अगदी सारखे दिसणारे मासे अशा तपासणीत परके निघतात. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, साइक्स यांच्या डोळ्यांनाही कळले नसते.

बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांच्या बाबतीत याला रोकडे महत्त्व आहे. एका समूहातील मासे संपले, तर शेजारच्या समूहातून भर पडेल की नाही, हे त्यावरून ठरते. समूह वेगळे असतील, तर मासेमारीची मर्यादाही वेगवेगळी ठरवावी लागते. मुंबईकरांच्या आवडीच्या पापलेटचेच उदाहरण पाहा. या माशाला महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून घोषित केले. आपल्याकडचा पापलेट आणि पूर्व आशियातील पापलेट एकच, असे वर्षानुवर्षे पुस्तकांत छापले जात होते. डीएनए आणि शरीररचना या दोन्हींच्या तपासणीनंतर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की उत्तर हिंदी महासागरातील पापलेट ही निराळी जात आहे. तिला फ्रान्सच्या क्युव्हिए यांनी १८२९ मध्येच दिलेले नाव पुन्हा लागू करावे लागले. म्हणजे साइक्स दख्खनमध्ये माशांची यादी करत होते, त्याच काळात पॅरिसमध्ये दिलेले हे नाव.

महसीरच्या बाबतीत डीएनएने आणखी मोठी उलथापालथ केली. मलबारातील महसीर ही खुद्रीचीच उपजात मानली जात असे. २००५ मध्ये जनुकीय खुणांच्या आधारे ती स्वतंत्र जात असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी मांडले. पाठोपाठ मुसुल्लाची पाळी आली. कावेरीत पन्नास किलोंच्या वर वाढणारा, पाठीला कुबड असलेला अवाढव्य महसीर जगभरच्या गळ टाकणाऱ्यांचे आकर्षण होता आणि साइक्स यांचे मुसुल्ला हे नाव त्याला चिकटले होते. २०१३ मध्ये अभ्यासकांनी साइक्स यांचे मूळ वर्णन पुन्हा बारकाईने वाचले आणि घोड नदीतला मुसुल्ला हा महसीरच नव्हे, तर वेगळ्याच प्रजातीतला मासा आहे, असा निष्कर्ष काढला. कावेरीतला प्रसिद्ध महसीर अशा रीतीने बेनाव झाला. शास्त्रीय नाव नसलेल्या माशाला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घालणेही कठीण असते. २०१८ मध्ये डीएनए आणि शरीररचना या दोन्हींच्या आधारे तो केरळातील पांबार नदीतून २०११ मध्ये वर्णिलेल्या जातीचाच असल्याचे सिद्ध झाले. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. रेमा देवी यांच्या नावाने ही जात ओळखली जाते आणि ती आज अतिसंकटग्रस्त मानली जाते.

या माशाच्या ऱ्हासाला वाळूउपसा, धरणे आणि चोरटी मासेमारी कारणीभूत आहेच. परंतु १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या मासेमारीच्या नोंदी तपासल्या असता एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. कावेरीत कुबडाचा महसीर कमी होत गेला, तर निळसर परांचा महसीर वाढत गेला. हा निळसर परांचा मासा म्हणजे बाहेरून आणून सोडलेला खुद्री. साइक्स यांना मुळा-मुठेत मिळालेला मासा वळवणमार्गे कावेरीत गेला आणि तेथील मूळ रहिवाशाच्या जागी पसरला. दख्खनमध्ये ज्याला वाचवायचे म्हणून सारा खटाटोप झाला, तोच दुसऱ्या नदीत उपरा ठरला. २०१८ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत खुद्रीची नोंद संकटग्रस्त वर्गातून काढून कमी चिंतेच्या वर्गात करण्यात आली. कावेरीच्या बाबतीत ही बातमी शुभ म्हणावी की अशुभ, हे सांगणे कठीण आहे.

शहापूर आणि मुरबाडच्या रहिवाशांना याचे काय, असे कोणी विचारील. साइक्स यांचे सर्वेक्षण चार दख्खनी कलेक्टऱ्यांचे होते. घाटाखालचे उत्तर कोकण त्यांच्या कामाच्या कक्षेबाहेर राहिले. काळू, भातसा, तानसा आणि वैतरणा या पश्चिमवाहिनी नद्यांतील मासे त्यांच्या यादीत नाहीत. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे पकडायला कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी मंडळी आजही झुंबड करतात. त्या माशांना मळ्या, शिंगटी हीच घाटावरची नावे आहेत. पण नाव तेच म्हणून मासाही तोच, असे मानता येत नाही. मलबारच्या उदाहरणाने तेच दाखवून दिले आहे. सह्याद्रीचा कणा दोन्हीकडच्या माशांना वेगळे ठेवण्याइतका जुना आहे.

शिवाय माणसाने हा कणा काही ठिकाणी ओलांडला आहे. आंध्रा खोऱ्यातील ठोकरवाडी धरणाचे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील पाणी १९२२ पासून बोगद्यातून भिवपुरीच्या वीजगृहात उतरते आणि तेथून उल्हास नदीत जाते. बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी अशा रीतीने कल्याणच्या खाडीला मिळते. जलाशयांत रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातील मासे सोडण्याचा प्रघात राज्यभर आहे आणि तो उत्पन्नाच्या दृष्टीने समजण्यासारखाही आहे. महसीरची गोष्ट निराळी. भातसा, तानसासारख्या मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांत किंवा त्यांच्या वरच्या नद्यांत घाटमाथ्यावरचे महसीर आणून सोडण्याचा प्रस्ताव कधी पुढे आला, तर आधी येथील मासा कोण आहे हे पाहणे आवश्यक आहे. थोड्याच मादी-नरांपासून पैदा केलेली हजारो पिल्ले एका नदीत ओतली, तर मूळ समूहाचे जनुकीय वैविध्य काही पिढ्यांतच पातळ होते आणि नंतर कितीही खर्च केला तरी ते परत आणता येत नाही.

अशी तपासणी कोठून सुरू करावी, याचे उत्तर शहापूरच्या शेजारीच आहे. वाडा तालुक्यातील तिळसे येथे, पूर्वीच्या ठाणे आणि २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात, वैतरणेच्या काठी शंकराचे देवस्थान आहे. तेथील डोहातील महसीर देवाचे मासे म्हणून पिढ्यान् पिढ्या राखले गेले आहेत. त्यांना कोणी मारत नाही. उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. जनुकीय तपासणीला माशाचा जीव घ्यावा लागत नाही. पराच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत ठेवला, तरी पुरेसा डीएनए मिळतो. कुपीवर नदीचे नाव, तारीख आणि गावकरी त्या माशाला काय म्हणतात ते लिहायचे आणि मासा तेथेच पाण्यात परत सोडायचा.